कारणाशिवाय चाक फिरत नाही

पंपावर गाडी थांबली की काही माणसं डोळे मिटून नाक वर करतात. म्हणे पेट्रोलचा वास झकास असतो. असेल बाबा. मला त्या वासाने मळमळतं, अगदी पोटातून. आणि मळमळलं की पाठोपाठ केळुसकर अण्णा येतात. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग थुंकल्याचा, मग नाकातून ते दोन शब्द: "कारण काय?"

मी नकला करतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की पोरगा तिखटमीठ लावतोय. लावतोच मी. पण अण्णांना लावायची गरज पडत नाही. खेडला शाळेत असताना हेडमास्तर, कीर्तनकार, व्यायला आलेली म्हैस, सगळ्यांच्या नकला करून मी भरपूर टाळ्या घेतल्या नि त्याहून जास्त मार खाल्ला. मग मुलुंडला औषधांच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये चिकटलो आणि अण्णांच्या पुढच्या खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहिलो. पहिल्या आठवड्यातच हा माणूस माझ्या घशात जाऊन बसला. अजून उतरलेला नाही.

अण्णांचा धंदा स्वतःचा. शाळांना सामान पुरवायचं. फळे, खडू, नकाशे, पृथ्वीचे गोल, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या. तेव्हा मालाड, बोरिवली, भांडुप, जिकडे बघावं तिकडे नवीन शाळा निघत होती. आधी पाटी लागायची, मग पोरं यायची, मग भिंती. भिंत उभी राहिली की अण्णा हजर, फळा लावायला. त्यासाठी त्यांनी एक मोटार घेतली होती. काळी, दोघांच्या हातून वापरून झालेली, दार ओढताना खांदा निखळेल अशी.

त्या गाडीच्या मागच्या सीटवर कायम एक जण बसलेला असे. प्लास्टरचं धड. मुंडकं होतं, हातपाय नव्हते. पोटावरचं झाकण काढलं की आत जठर, यकृत, आतडी, सगळं रंगवलेलं आणि एकेक करून बाहेर निघणारं. शास्त्राच्या मास्तरांना दाखवायचा नमुना होता तो. आमच्या आळीतली पोरं त्याला रावसाहेब म्हणायची. अण्णांनी त्याला सुतळीने सीटला बांधलं होतं, वळणावर आडवा होऊ नये म्हणून. खिडकीतून बाहेर बघत रावसाहेब मुंबईची सगळी उपनगरं हिंडून आले होते.

काकींना मात्र त्या गाडीत जागा नव्हती.

काकी म्हणजे अण्णांची बायको, सुमनकाकी. अंगाने काडी, जिभेने मिरची, आणि मिरचीसुद्धा हसत हसत लावणारी. त्यांना एकच मुलगी, शैला, तेव्हा अकरावीत होती. मी यायच्या आधी म्हणे दोघी गाडीत बसायच्या. देवळात जायच्या, एकदा जुहूला पाणीही बघून आल्या होत्या. मग एका वर्षी अण्णा इन्कम टॅक्सच्या ऑफिसात गेले आणि सगळं फिसकटलं.

ही गोष्ट अण्णा दर आठ दिवसांनी सांगत. धंदा आपला असला की धंद्यापायी जाळलेलं पेट्रोल कमाईतून वजा करता येतं आणि उरलेल्या कमाईवर टॅक्स बसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. अण्णांनी पेट्रोलच्या सगळ्या पावत्या नेल्या होत्या. सगळ्या खऱ्या. साहेबाने त्या बघितल्यासुद्धा नाहीत.

"माका विचारता कसो," अण्णा खुर्चीत पुढे सरकून सांगत, "केळुसकर, लग्न झालंय? म्हटलं, झालंय साहेब. मिसेस गाडीत बसतात? म्हटलं, कधीमधी. बस. कधीमधी म्हणालो नि त्याने रेघ ओढली. पेट्रोलचा तिसरा हिस्सा उडवला. म्हणे, खासगी वापर."

'खासगी वापर' हे शब्द ते असे उच्चारत, की वाटावं कुणीतरी त्यांना बायकांच्या मोरीत डोकावताना पकडलंय.

दुसरा कुणी असता तर पुढच्या वर्षी सरळ म्हणाला असता, नाही साहेब, मिसेस गाडीत बसत नाहीत. सगळी दुनिया म्हणते. पण इथेच तर या माणसाची मेख होती. अण्णा खोटं बोलत नसत. "सरकारला मी एका पैशाला फसवलेलं नाही आणि फसवणार नाही," असं ते छातीवर हात ठेवून म्हणत, आणि ते खरं होतं. म्हणून त्यांनी खोटं बोलायच्या ऐवजी काकींना गाडीतून खाली उतरवलं. साहेबासमोर जे बोलायचं ते घरात आधी खरं करून ठेवलं. त्या दिवसापासून गाडीची किल्ली हातात घेतली की स्वतःलाच विचारत, "कारण काय?" कारण सापडलं की गाडी निघायची. घरात कुणी कुठे सोडा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कारणाशिवाय चाक फिरत नाही."

एका दुपारी मी आणि काकी गिरणीतून दळण घेऊन येत होतो. डबा माझ्या खांद्यावर, पिशवी काकींच्या हातात, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. समोरून अण्णांची गाडी आली. पोंपों हॉर्न वाजला. आम्ही गटाराच्या कडेला सरकलो. गाडी गेली. मागच्या खिडकीतून रावसाहेब आमच्याकडे बघत बघत गेले.

"बघितलंस?" काकी म्हणाल्या. "हॉर्न वाजवला. नाहीतर परक्या बाईसारखं अंगावर घातली असती."

शैलाच्या मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र घाटकोपरच्या एका शाळेत आलं, तेव्हा मात्र अण्णा खूश झाले. त्या शाळेकडे त्यांचे नकाशे होते. "चल, बस गाडीत," म्हणाले. पोरगी हरखली. रावसाहेबांच्या शेजारी बसून, मांडीवर पृथ्वीचा गोल घेऊन परीक्षेला गेली. संध्याकाळी बसच्या रांगेत उभं राहून अंग आंबून परत आली.

"आणायला नाही गेलात?" मी विचारलं.

"आणायला काय काम होतं?" अण्णांनी मलाच विचारलं. "जाताना काम होतं."

नमुना म्हणून आणखी एकच सांगतो, कारण ही नक्कल मी कधी करत नाही, करताना तोंडात घाण येते. भांडुपच्या एका हेडमास्तरांचे वडील गेले. भल्या माणसाने अण्णांना पहिली मोठी ऑर्डर दिली होती, म्हणून अण्णा भेटायला निघाले. मी रिकामा होतो, गेलो बरोबर. अण्णा हेडमास्तरांसमोर सतरंजीवर बसले, मान खाली घातली, डोळ्याला रुमाल लावला. आवाज खरोखर भरून आला होता. "सर, मोठा आधार गेला. वडील म्हणजे सावली असते. आता तुम्हीच सगळ्यांना धीर द्यायचा." एवढं बोलून थोडं थांबले, रुमालाची घडी घातली, आणि त्याच भरल्या आवाजात म्हणाले, "आठवीच्या वर्गाला फळा लागणार होता ना, सर?"



परत येताना मी म्हटलं, "अण्णा, आज तरी नको होतं."

"गाडी आणली होती ना रे मेल्या," ते म्हणाले. "नुसता रडून इलंय तर तो खासगी वापर."

नंतर पेट्रोल महाग झालं. असं महाग झालं की लोकांनी गाड्या अंगणात झाकून ठेवल्या आणि चोरांनी झाकण काढून टाक्या उपसल्या. अण्णांनी त्याच्यावरही उपाय काढला. संध्याकाळी गाडी लावली की रबराची नळी टाकीत घालायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, पेट्रोल वर आलं की नळी डब्यात सोडायची. दर वेळी थोडं तोंडात यायचंच. मग खाकरून तुळशीच्या कुंडीशेजारी थुंकायचे. तुळस वाळली. नंतर ती नळी डॉक्टरसारखी गळ्यात टाकून, हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसून पाटावर बसत आणि त्याच बोटांनी बांगड्याचं तिखलं कालवत. भाताच्या वाफेबरोबर पेट्रोलचा भपकारा यायचा. काकी वाढून झालं की लांब सरकून बसत. मी घास नाक दाबून गिळायचो.

"काय रे, जेवण आवडत नाय?" अण्णा विचारत, आणि त्या तोंडाचा वास माझ्या ताटात यायचा.

डबा ठेवत कुठे? माझ्या खाटेखाली. "खोलीत विडी ओढू नको हां," एवढं बजावलं होतं. ओढत नव्हतो मी, पण स्टोव्ह दोन पावलांवर होता आणि देव सगळ्यांवर लक्ष ठेवून असावा, दुसरं काय.

तर हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. नकलेला माल मिळत होता, माझं काय जात होतं? पण मग दहिसरच्या आजींची गोष्ट झाली.

आजी म्हणजे काकींची आई. दहिसरला नदीच्या कडेला चाळीत एका खोलीत एकटी राहायची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नाही, काकी एकटीच. आता आजींचे पाय सुजायला लागले होते, उठता-बसता धाप लागायची. काकी दर रविवारी दादरला गाडी बदलून इकडून तिकडे जात, आईचं धुणं धुऊन, चार दिवस टिकेल असं काहीतरी शिजवून परत येत. शेवटी दिवाळीनंतर एका संध्याकाळी अण्णा हात पुसत असताना त्यांनी विषय काढला.

"आईला इकडे आणू या. एकटीला होत नाही आता."

"आण की," अण्णा म्हणाले. "मी कधी नको म्हटलं?"

"ती जिना उतरून ट्रेनमध्ये चढणार कशी? गाडीतून आणावं लागेल."

अण्णा विचारात पडले. खरंच पडले, नाटक नव्हतं. मग म्हणाले, "दहिसरला आपली शाळा कुठाय?"

"शाळा नाही. आई आहे."

"तेच म्हणतोय मी."

"रविवारी आणा मग. रविवारी तर तुम्हाला काम नसतं."

"रविवारी शाळा बंद. नि मीटर हलला तर साहेब विचारणार नाही, केळुसकर, रविवारी कुठे गेलात?"

"मग मी टॅक्सी करते."

"घरात मोटार असताना टॅक्सी?" अण्णांचा आवाज चढला. "आळीत तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही?"

काकी ताट उचलून मोरीत गेल्या. तांब्या जरा जोरात आपटला, एवढंच.

अण्णा वाईट नव्हते, असं म्हणणारे आळीत पुष्कळ होते. बरोबरच आहे, नाही असं ते म्हणालेच नव्हते. "मी दहिसरला काम लावतो. काम लागलं की त्याच फेरीत सासूबाईंना घेऊन येऊ," असं त्यांनी सांगितलं आणि खरंच कामाला लागले. दहिसरच्या शाळांना पत्रं टाकली. मास्तरांच्या ओळखी काढल्या. मलासुद्धा विचारलं, "तुमच्या खेडचा कोणी मास्तर दहिसरला नाही का रे?" इकडे आजींना काकींनी सांगून ठेवलं होतं की जावई गाडी घेऊन येणार आहेत. आजींनी ते चाळभर सांगितलं. काकी रविवारी परत आल्या की निरोप असायचा. आई विचारते, गाडीचा रंग कुठला. आई विचारते, पुढे बसायचं की मागे. एकदा सांगत आल्या, "शेजारच्या कोळणीने विचारलं, आजी, जावयाची मोटार येते की चालत येते? आई तिच्याशी बोलत नाहीये आता."

संक्रांत गेली, होळी जवळ आली, तेव्हा दहिसरच्या एका नव्या शाळेचं पत्र आलं. शास्त्राच्या वर्गासाठी मानवी शरीराचा नमुना बघायचा आहे. अण्णांनी ते पत्र काकींच्या हातात असं दिलं, की वाटावं बायकोसाठी पाटल्या करून आणल्यात.

रावसाहेबांना उचलायला दुसरं माणूस लागायचं आणि आजींनाही, म्हणून काकींनी मला रजा टाकायला लावली. सकाळी निघालो. मी पुढे, काकी मागे, रावसाहेबांच्या शेजारी. इतक्या वर्षांनी गाडीत बसल्या होत्या. पवई, अंधेरी, मालाड करत दहिसरला आलो. नदी दिसली तशा काकी म्हणाल्या, "मला इथेच सोडा. मी आईची तयारी करते."

"आधी शाळा," अण्णा म्हणाले. "आधी घरी थांबलो तर फेरी घरची होते."

काकींनी दार उघडलं. गाडी चालू होती, अण्णांना ब्रेक मारावा लागला. त्या उतरल्या आणि पदर खोचून चालत गेल्या.

शाळेत हेडमास्तर होते, शास्त्राचे मास्तर होते, शिपाईसुद्धा होता, आणि सगळ्यांना रावसाहेबांची आतडी काढून बघायची होती. एकदा काढल्यावर कुणाला परत बसवता येईना. यकृत जठरावर बसतं की जठर यकृतावर, यावर वाद झाला. चहा आला. अण्णांनी मास्तरांची मुलंबाळं विचारली. शेवटी हेडमास्तर म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो, मग कळवतो. दुपार टळली होती.

चाळीपाशी आलो तर ओट्यावर सगळी चाळ जमलेली. मधोमध खुर्चीवर आजी. ठेवणीतलं हिरवं नऊवारी, केसांना तेल, अबोलीची वेणी, मांडीवर बोचकं. सकाळपासून तशाच बसल्या होत्या. काकींनी आत निजवायचा प्रयत्न केला, त्या तयार नव्हत्या. गाडी दिसल्यावर आजींनी आधी त्या कोळणीकडे बघितलं, मग गाडीकडे.

"काळी आहे होय," म्हणाल्या. "छान आहे."

आता त्यांना बसवायचं कुठे? मागची सीट आडवी होण्यापुरती होती, पण अर्धी रावसाहेबांनी अडवलेली. मी म्हटलं, "अण्णा, याला इथेच चाळीत ठेवू या. उद्या तुम्ही येऊन घेऊन जा."

"आणि गाडीत माल काय?" अण्णा म्हणाले. "माल नसला तर गाडी कशाला चालली, म्हणून विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

"विचारणाऱ्याचं तोंड दिसत नसतं."

मग आजी मध्ये, एका बाजूला काकी, दुसऱ्या बाजूला रावसाहेब. आजींनी रावसाहेबांना नीट न्याहाळलं आणि पदर सावरून घेतला, परका पुरुष बघून घ्यावा तसा. चाळीने हात हलवले. आजींनी राणीसारखा एकदाच हलवला.

आलो त्या रस्त्याने परत जायचं सोडून अण्णांनी गाडी उलटीकडे वळवली, दहिसरचा चेक नाका ओलांडून घोडबंदरच्या बाजूला. तिथून ठाण्याला वळसा घालून मुलुंडमध्ये शिरायचं. रस्ता म्हणजे जंगल आणि खड्डे.

"इकडून कशाला?" मी विचारलं.

"मुलुंडचा जकात नाका लागतो."

"लोक नाका चुकवतात, अण्णा."

"लोकांना पावती नको असते," अण्णा म्हणाले. "मला हवी आहे. पावतीवर तारीख येते, गाडीचा नंबर येतो, माल कुठला ते येतं. सरकारची पावती. मग म्हणू दे साहेबाला खासगी वापर."

खड्डा आला की रावसाहेबांचं झाकण उघडायचं आणि काहीतरी आजींच्या मांडीवर पडायचं. पहिल्यांदा त्या दचकल्या. मग आतड्याचं भेंडोळं हातात धरून बसूनच राहिल्या. एकदा हळूच म्हणाल्या, "सुमन, जरा थांबता येईल का गं?" काकी म्हणाल्या, "थांबवा हो." अण्णा म्हणाले, "आता नाकाच येतोय."

नाका आला. बाहेरून शहरात येणाऱ्या मालाच्या ट्रकांची ही लांब रांग. आमच्यासारख्या छोट्या गाड्यांना बाजूची वाट मोकळी होती. तिथे खाकीतला कारकून उभा होता, म्हातारासा. त्याने आत वाकून बघितलं. आधी रावसाहेब दिसले, तो हसला. मग आजी दिसल्या, त्याचं हसू गेलं.

"आजीला बरं नाही काय?" त्याने विचारलं. "जावा, जावा. सोडा लवकर घरी."

तिथून घर पायी पंधरा मिनिटांवर होतं. आमचं देऊळ तिथून दिसत होतं.

अण्णांनी इंजिन बंद केलं. "नाही," ते म्हणाले, "धंद्याची गाडी आहे. शाळेचा माल आहे. पावती द्या."

"अहो, जुनं सामान ते, त्याला कुठली जकात? जावा तुम्ही. पेशंट आहे."

"पेशंट नाही," अण्णा म्हणाले. "माल आहे."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं, मग काकींकडे, मग खांदे उडवून ट्रकांच्या रांगेकडे बोट दाखवलं. पावती त्या खिडकीवर मिळायची. अण्णा रावसाहेबांना सोडवून, एकट्यानेच कसेबसे काखेत मारून रांगेत जाऊन उभे राहिले, ट्रक ड्रायव्हरांच्या मागे. मी जाऊन दंडाला धरलं.

"अण्णा, आजींना त्रास होतोय. चला ना."

"पावती झाली की निघालो."

"नंतर येऊ हवं तर."

"नंतर येऊन काय मिळणार? गप रे, पुढचे सरकतायत."

मी गाडीकडे वळलो तेव्हा काकी आईला दुसऱ्या दाराने उतरवायला बघत होत्या. आडोसा कुठेच नव्हता. ट्रकवाले, हमाल, पानवाला, सगळे पुरुष. आजी पाय बाहेर टाकायला तयार नव्हत्या, मानेनेच नको नको म्हणत होत्या. आणि मग त्यांना धरवलं नाही. सीटवरून पायाशी ओघळ आला, ठेवणीचं हिरवं लुगडं खाली काळं झालं. मी तोंड फिरवलं. मागून आजींचा आवाज आला, बारीक, "सुमन, जावईबापूंची गाडी घाण झाली गं."

अण्णा पावती घेऊन आले. ती फुंकर मारून वाळवत होते, शाई ओली होती. दार उघडलं, सीट बघितली, वासाने नाक मुरडलं. या माणसाने, ज्याच्या तोंडाचा वास मी रोज जेवणात गिळत होतो, त्याने नाक मुरडलं. मग खिशातून रुमाल काढला. मला क्षणभर वाटलं, आजींना देतील. त्यांनी सीटचा कोपरा पुसला आणि रावसाहेबांना त्या कोरड्या कोपऱ्यावर नीट बसवलं.

काकींनी बघितलं. त्यांची जीभ मला माहीत होती, मी वाट बघत होतो. त्या वाकून पदराने आईचे पाय पुसायला लागल्या.

आजी नंतर मुलुंडलाच होत्या, पाऊस लागेपर्यंत. दुखण्याचं कधी बोलल्या नाहीत. अण्णा दिसले की मात्र उठून बसायला बघायच्या आणि म्हणायच्या, "गाडी धुतलीत ना, जावईबापू? चुकलं हो माझं." दर वेळी. आणि अण्णा दर वेळी मोठ्या मनाने म्हणत, "असू द्या, असू द्या." मी तेव्हा खोलीतून उठून बाहेर जायचो. ते 'असू द्या' ऐकण्यापेक्षा गटारावर उभं राहणं बरं.

आजी गेल्या, त्याच्या तेराव्यानंतर दहिसरची खोली रिकामी करायची होती. अण्णांनी आपणहून किल्ली काढली. "चल, सोडतो," म्हणाले.

काकी चपला घालत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "दहिसरला आपली शाळा कुठाय?"

आणि स्टेशनकडे निघून गेल्या.

त्याच वर्षी अण्णा इन्कम टॅक्सच्या ऑफिसातून पेढे घेऊन आले. साहेबाने नाक्याची पावती उलटीपालटी करून बघितली होती, मिसेस गाडीत बसतात का, असं विचारलं होतं, आणि अण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "नाही साहेब, बसत नाहीत." पेट्रोलचा सगळा खर्च मंजूर. अण्णांनी आळीत पेढे वाटले. मला खोलीत बोलावलं. "कर रे, त्या साहेबाची नक्कल कर. पेन खाली ठेवताना तोंड कसं झालं असेल ते दाखव." मी म्हटलं, घसा बसलाय. काकींनी त्यांच्या वाटचा पेढा घेतला, खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मी महिनाअखेर खाट सोडली आणि बोरिवलीला गेलो.

पुढे तीन-चार वर्षांनी एकदा कामासाठी मुलुंडला गेलो होतो. शैलाचं लग्न झालं होतं, ती तिच्या घरी. बाजाराच्या रस्त्याला पानाच्या दुकानाशी उभा होतो तेवढ्यात काकी दिसल्या. दोन्ही बाजूंनी फुगलेली पिशवी, वाकलेला खांदा, चाल मात्र तीच, झपझप. हाक मारणार होतो, एवढ्यात त्यांच्या मागून ती काळी गाडी आली. हॉर्न वाजला नाही. गाडी त्यांच्या शेजारी येऊन त्यांच्याच चालीने चालायला लागली, पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत. मागची सीट रिकामी होती. खिडकीबाहेर सुतळीचं टोक लोंबत होतं.

अण्णा म्हातारे दिसत होते. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने त्यांनी अलीकडचं दार ढकलून उघडं धरलं होतं.

"बस गं," म्हणाले. "काम काही नाही. असाच निघालोय."

मला दया यायला हवी होती. नाही आली. मागे एक टेम्पोवाला शिव्या देत होता, गाडीचा धूर पानाच्या दुकानापर्यंत येत होता, आणि मी नाक दाबून उभा होतो.

"बस ना. कारण नाय काय."

काकींनी मान वळवली नाही. पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, गाडीच्या बाजूच्या, आणि चालत राहिल्या. दार तसंच उघडं धरून गाडी त्यांच्याबरोबर बाजाराच्या वळणापर्यंत गेली.